सीनाई-दर्शन विधी

हे व्रत शार्म अल-शेखच्या समुद्रकिनारी उतरलेल्या आणि आधीच्या आठवड्यात पिरॅमिड पाहून पाय दुखावलेल्या माणसाने करायचे आहे. तिथी कोणतीही चालते. फक्त शुक्रवार आणि रविवार टाळावेत, कारण त्या दिवशी सेंट कॅथरीनच्या मठाचे दार पर्यटकांना सहसा बंद असते, आणि मग सगळे पुण्य डोंगरावरच मिळवावे लागते.

साहित्य : विजेरी, लोकरीची टोपी, हातमोजे, पासपोर्ट, इजिप्शियन पाउंडांच्या सुट्या नोटा. ‘वाळवंटात कसली आलीय थंडी’ म्हणणारा नातेवाईक बरोबर असेल तर टोप्या दोन घ्याव्यात. इथे हिवाळ्यात बर्फ पडतो आणि तो नातेवाईक टोपी मागतो, या दोन्ही गोष्टी निश्चित आहेत.

रात्री जेवून बसमध्ये बसावे. तीनेक तासांच्या वाटेवर तपासणी-नाकी लागतात. प्रत्येक नाक्यावर कोणीतरी आत येऊन चेहऱ्यावर विजेरी मारतो. त्या क्षणी पासपोर्टावरच्या फोटोसारखे दिसावे. एरवी कोणाला न जमणारी ही गोष्ट त्या वेळी आपोआप जमते.

चढण मध्यरात्र उलटल्यावर सुरू होते. वाटाड्या घ्यावाच लागतो. तो बहुधा जबलिया टोळीतला बेदुईन असतो. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने मठाच्या राखणीला आणि चाकरीला माणसे धाडली, त्यांचे आम्ही वंशज, असे ही टोळी सांगते. म्हणजे थकलेल्या परक्यांना वर नेण्याचा धंदा या घराण्यात चौदाशे वर्षांचा. त्याला ‘अजून किती?’ असे विचारू नये. तो ‘दहा मिनिटे’ म्हणेल, आणि दोन तासांनी विचारले तरी तेच म्हणेल. कळसूबाई केल्याचे सांगणाऱ्या मंडळींना हळूच आठवण द्यावी, की कळसूबाई १६४६ मीटर, आणि जवळपास तेवढ्या उंचीवर आपल्याला बसनेच आणून सोडले. जबल मूसाचे, म्हणजे आपण चढतो आहोत त्या सीनाई पर्वताचे, शिखर २२८५ मीटरवर आहे.

अंधारात मागून उंट येतो. त्याच्या पावलांचा आवाज होत नाही. आधी मानेवर श्वास जाणवतो, मग ‘कॅमल?’ असा माणसाचा आवाज. नको म्हणावे. पुढच्या वळणावर तोच श्वास, तोच आवाज, भाव थोडा उतरलेला. अभिमान सोडायचाच असेल तर तो खालीच सोडावा, कारण अर्ध्या वाटेवर उंटवाल्याला आपल्या गुडघ्यांची खरी किंमत कळलेली असते. शिवाय उंट शेवटपर्यंत नेत नाही. शेवटच्या ७५० पायऱ्यांपाशी तो थांबतो आणि समजूतदारपणे आपल्याकडे पाहतो. या पायऱ्या म्हणजे मठापासून थेट वर येणाऱ्या ३७५० ‘पश्चात्तापाच्या पायऱ्यां’चा वरचा तुकडा. एका साधूने प्रायश्चित्त म्हणून त्या रचल्या असे सांगतात. पाप कोणते ते सांगत नाहीत. शेवटच्या शंभर पायऱ्यांवर त्याविषयी तर्क करत जावे, चढ कळत नाही.

शिखरावर भाड्याने घोंगडी मिळते, ती वासाकडे दुर्लक्ष करून घ्यावी. एक चॅपेल आहे, १९३४ साली पुन्हा बांधलेले आणि बहुधा कुलूप घातलेले. शेजारी छोटी मशीद. मोशेला दहा आज्ञा इथे मिळाल्या अशी श्रद्धा आहे. शेजाऱ्याच्या मालकीच्या कशाचाही लोभ धरू नये, ही त्यांतली एक. पहाटे कड्यावरची पूर्वेकडची जागा शेजाऱ्याने पटकावलेली असते, तेव्हा या आज्ञेचे काय होते ते प्रत्येकाने आपल्यापुरते पाहावे.

हाच तो पर्वत कशावरून, हे मात्र वर विचारू नये. नेगेवमधला हार कारकोम, सौदी अरबस्तानातला जबल अल-लौझ असे इतर उमेदवारही अभ्यासकांनी उभे केले आहेत. गुडघे गेल्यावर ही माहिती कोणालाच नको असते.

नऊच्या सुमारास मठ उघडतो आणि दुपारच्या आत बंद होतो. इथे या व्रताची खरी खुबी कळते. ज्या डोंगराविषयी शंका आहे त्याला अख्खी रात्र, आणि सहाव्या शतकापासून अखंड चालू असलेल्या मठाला तासभर, तोही डोळे मिटत असताना. पूर्वी पाहुण्याला दोराने उचलून तटाच्या उंच दारातून आत घेत. तेव्हा निदान आत जाईपर्यंत तो जागा तरी असे.

अंगणात मोशेला दिसलेले, पेटूनही न जळणारे झुडूप दाखवतात. जवळच आग विझवायचे लाल नळकांडे दिसले तर हसू नये. साधूंचा देवावर पूर्ण विश्वास आहे, पाहुण्यांच्या सिगारेटवर नाही.

इथल्या चौथ्या शतकातल्या बायबलच्या हस्तलिखितापैकी ३४७ पाने टिशेनडॉर्फ नावाचे जर्मन विद्वान १८५९ मध्ये घेऊन गेले. मागाल तेव्हा परत करीन, असे लिहून दिले. ती पाने रशियाच्या झारकडे गेली, आणि १९३३ मध्ये सोव्हिएत सरकारने ती एक लाख पाउंडांना ब्रिटनला विकली. टिशेनडॉर्फांचे ते पत्र मठाने जपून ठेवले आहे. पुस्तक उसने देणाऱ्या प्रत्येक मराठी वाचकाने या पत्राचे स्मरण करून दोन मिनिटे स्तब्ध राहावे. अनेक जण राहतातही, पण भिंतीला टेकून, तोंड उघडे ठेवून.

परतीच्या वाटेवर मार्गदर्शक बस थांबवून एका खडकाकडे बोट करेल. तिथे बायबलमधल्या सोन्याच्या वासराची आकृती उमटली आहे म्हणतात. चौथ्या शतकाच्या अखेरीस एजेरिया नावाची यात्रेकरू इथे आली होती, तिलाही साधूंनी वासराची जागा दाखवली आणि तिने ती भक्तिभावाने लिहून ठेवली. तेव्हा परंपरा मोडू नये. सगळी बस झोपलेली असते, म्हणून ज्याला खिडकीची जागा मिळाली आहे त्याने सर्वांच्या वतीने मोठ्याने ‘हो, शिंगांसकट दिसले’ म्हणावे. ते ऐकल्याशिवाय मार्गदर्शक चालकाला खूण करत नाही, आणि जेवण पुढे दहाब गावी आहे.