शिशाचं जाकीट

जुहूत राहणाऱ्या माणसाला विमानांचं कौतुक नसतं, हे वाक्य मी इतक्या लग्नांत आणि बारशांत फेकलं आहे की आता ते मलाच खरं वाटायला लागलं आहे. समोर पार्लेकर असेल तर हमखास फेकतो. त्यांच्याकडे दीनानाथ नाट्यगृह आहे, टिळक मंदिर आहे. आमच्याकडे विमानतळ आहे. आणि तो कसला, तर देशातला पहिला नागरी विमानतळ, १९२८ सालचा. जे. आर. डी. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ ला पस मॉथ विमान घेऊन कराचीहून निघाले आणि अहमदाबादमार्गे येऊन उतरले ते आमच्याकडे. 'आमच्याकडे' म्हणताना मी आवाज असा काही लावतो, की उतरल्यावर टाटांचा चहा आमच्याच घरी झाला असावा असं ऐकणाऱ्याला वाटावं.

त्यामुळे सईनं फोनवर "बाबा, या वेळी आलात की माझ्याबरोबर उडी मारणार का?" असं विचारलं, तेव्हा मी हो म्हटलं ते पत्त्याच्या जोरावर. धैर्याचा काही संबंध नव्हता.

सई कॅलिफोर्नियात सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि शनिवार-रविवार विमानातून उड्या मारते. यातलं पहिलं आम्ही नातेवाइकांना सांगायचो आणि दुसरं लपवायचो. एकुलती एक मुलगी, तीही आपण होऊन विमानाबाहेर पडते, हे ऐकून स्थळ सांगून येणाऱ्यांचं काय होईल ही बायकोची काळजी. मला काळजी वेगळी होती. मुलीच्या वहीत काही शे उड्या जमा होत्या आणि बाप मात्र जुहूच्या गच्चीवरून हेलिकॉप्टरं मोजत बसला होता. विमानविद्येतलं घराण्याचं स्थान घसरत होतं.

माझी कल्पना अशी, की सई मला पाठीमागून बांधून घेणार आणि आम्ही बापलेक एकत्र उडणार. फोटोची चौकटसुद्धा मी मनात ठरवली होती. ती म्हणाली, "नाही हो बाबा, मला तुम्हाला नेता येणार नाही. टँडेमचं लायसन्स वेगळं असतं. कमीत कमी ५०० उड्या लागतात, तीन वर्षं या खेळात काढावी लागतात, वर वेगळा कोर्स. तुम्हाला इन्स्ट्रक्टर नेईल. मी शेजारून पडेन."

शेजारून पडेन! हे तिनं इतक्या सहज सांगितलं की पुढचा प्रश्न मला सुचलाच नाही.

बायको माहेरची पुण्याची, त्यामुळे पुण्याची थोर माणसं तिला तारीखवार पाठ आहेत. "शीतल महाजननं पहिलीच उडी उत्तर ध्रुवावर मारली," ती म्हणाली. "२००४ साली. उणे ३७ तापमानात. आधी सराव नाही, काही नाही. २०१८ ला थायलंडमध्ये नऊवारी नेसून मारली. २०२३ ला एव्हरेस्टसमोर. तुम्हाला तर बांधूनच नेणार आहेत." मी थोरले जॉर्ज बुश पुढे केले. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष; २०१४ साली नव्वदाव्या वाढदिवसाला त्यांनीही बांधूनच उडी मारली होती. "त्यांच्यामागे माणसं होती सांभाळायला," बायको म्हणाली. "तुमच्यामागे मी आहे आणि मी खाली थांबणार आहे. कुणीतरी खाली पाहिजे ना."

या वाक्याचा अर्थ मला कॅलिफोर्नियाला सईकडे गेल्यावर, उड्यांच्या मैदानावरच्या ऑफिसात कळला. तिथं एक जाडजूड फॉर्म भरून घेतात. पानापानावर, परिच्छेदापरिच्छेदासमोर आद्याक्षरं करायची. मला काही झालं तर मी किंवा माझे वारस कोर्टात जाणार नाही, असं त्यात निरनिराळ्या शब्दांत लिहिलेलं असतं. सह्या करता करता माझ्या लक्षात आलं की माझी एकुलती एक वारस माझ्याच विमानातून, माझ्याच बरोबर, स्वखर्चानं खाली पडणार आहे. जुहूच्या फ्लॅटचं काय, हा प्रश्न उरलाच होता. बायकोकडे बघितलं. ती बाकावर बसून शांतपणे संत्रं सोलत होती.

मग वजन. सगळ्यांसमोर काट्यावर उभं करतात आणि आकडा मोठ्यानं सांगतात. तो पौंडात असल्यामुळे अधिकच भरघोस वाटतो. मी मनातल्या मनात किलोत करून बघितला, फार फरक पडला नाही. सईनं तो आकडा ऐकला, "हं" म्हणाली, आणि आत जाऊन एक जाकीट घेऊन आली. ओळीनं खिसे असलेलं. प्रत्येक खिशात ती मुठीएवढी एक-एक पिशवी सारत होती. एक मी हातात घेतली, तर हात खालीच गेला. आत शिशाचे छर्रे.

"हे कशाला?"

"तुमच्यासाठी."

जड आणि हलकी वस्तू एकाच वेगानं पडते असं शाळेत शिकवतात, ते हवा नसताना. हवा असली की जड माणूस जोरात पडतो आणि हलका मागे, म्हणजे वर, राहतो. दोन माणसं एकत्र बांधली तर वेग ताशी अडीचशे किलोमीटरच्याही पुढे जाईल, म्हणून इन्स्ट्रक्टर विमान सोडल्याबरोबर एक छोटी छत्री मागे सोडतो. तिनं वेग आवरून ताशी दोनशेच्या आसपास येतो. आसपास म्हणजे किती, ते प्रवाशाच्या पोटावर. सई पन्नास किलोची. माझ्या शेजारी राहायचं तर तिला अंगावर शिसं चढवणं भाग होतं. माझ्या पोटापायी पोरगी खिशाखिशात शिसं भरत होती, आणि तेही तोंडातल्या तोंडात गाणं गुणगुणत. मी पोट आत घेऊन उभा राहिलो. त्यानं वजन कमी होत नाही हे मला माहीत आहे.

शेजारी म्हणजे अगदी शेजारीच. हे तिनं आदल्या रात्री जेवणाच्या टेबलावर समजावलं होतं. आमटीची वाटी म्हणजे मी आणि इन्स्ट्रक्टर, चमचा म्हणजे ती. "मी तुमच्या वर यायचं नाही. तुमचं पॅराशूट उघडलं की तुम्ही एकदम थांबता, मी वर असले तर येऊन आदळेन. तुमच्या खालीही जायचं नाही. माझं चुकून उघडलं तर तुम्ही दोघं माझ्यावर. म्हणून वर नाही, खाली नाही. बाजूला, एका पातळीत, आणि तुम्हाला दिसेन अशी समोर. आणि हात पुढे करू नका, आमच्या इथं धरायला परवानगी नाही." चमचा वाटीभोवती फिरत राहिला. बायको म्हणाली, "आमटी गार होतेय."

विमान तेरा हजार फुटांवर जायला पंधरा-वीस मिनिटं घेतं. माझ्या इन्स्ट्रक्टरची दाढी छातीपर्यंत होती आणि स्वभाव सौजन्याचा. तू कुठला, असं त्यानं विचारलं. हा प्रश्न मला कुणी विचारू नये. मी जुहू म्हणालो आणि सुरू झालो.

टाटा आटोपले. मग कॉमेट. १५ जुलै १९५३ ला बीओएसी कंपनीचं कॉमेट, म्हणजे त्या काळचं सगळ्यात आधुनिक प्रवासी जेट, सांताक्रूझला उतरायच्याऐवजी चुकून जुहूला उतरलं. वरून दोन्ही विमानतळ शेजारीशेजारी दिसतात, वैमानिक फसला. उतरलं ते ठीक, पण आमची धावपट्टी आखूड, आता हे उडवायचं कसं? नऊ दिवस ते विमान जुहूत पाहुणं होतं आणि मग कसंबसं उडवून नेलं. दाढीवाला म्हणाला, "वॉव." एवढ्यानं मला पुरे होतं. मी जपान एअरलाइन्सवर आलो. २४ सप्टेंबर १९७२, डीसी-८, लंडनहून टोकियोला निघालेलं. तेही सांताक्रूझ समजून जुहूला उतरलं, पण याला धावपट्टी पुरलीच नाही. संपली तरी ते पुढे गेलं. काही जणांना लागलं, पण माणसं सगळी वाचली. विमान कायमचं निकामी झालं. आमच्या वर्गातला प्रत्येक मुलगा आपण ते विमान बघून आलो असं सांगत होता, मीही सांगत होतो. प्रत्यक्षात तेव्हा आम्ही डोंबिवलीला राहत होतो. जुहूला आलो ते मला बँकेत लागून बरीच वर्षं झाल्यावर, बँकवाल्यांच्या सोसायटीत. पण माणूस एकदा जुहूकर झाला की मागच्या तारखेपासून होतो.

मग विषय इमारतीवर आला. तो यायला नको होता. दाढीवाल्यानं फक्त एवढंच विचारलं, की विमानतळाशेजारी राहायला त्रास होत नाही का? त्रास! आमची इमारत तीन मजली, छपराला गळती, लिफ्ट नाही. पुनर्विकास म्हणावा तर विमानांच्या वाटेसाठी उंचीवर मर्यादा. बिल्डर येतो, चहा घेतो, नकाशा बघतो, आणखी मजले चढत नाहीत म्हटल्यावर बिस्किट अर्धं ठेवून निघून जातो. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या गुडघ्यांनी हात टेकले तेव्हापासून त्या दवाखान्याशिवाय खाली आलेल्या नाहीत. समुद्र पाच मिनिटांवर आहे. दर दिवाळीला म्हणतात, "एकदा चौपाटीवर ने रे." खुर्चीत बसवून चौघांनी उतरवावं लागतं, चौघं एका वेळी जमत नाहीत. विमानं सुरक्षित राहावीत हे मलाही कळतं. पण ज्या भागात माणसाला उंचीची परवानगीच नाही तिथली ही बाई उंचीवर अडकून बसली आहे, याचा राग मला तेरा हजार फुटांवर आला, तोही असा की कान लाल झाले. दाढीवाल्याला वाटलं मी घाबरलो. त्यानं खांद्यावर थोपटलं.

मग त्यानं मला स्वतःच्या मांडीपाशी ओढलं, खांद्यांवर दोन आणि कमरेला दोन अशा चार कड्यांत अडकवलं, पट्टे आवळले, पुन्हा आवळले, प्रत्येक कडी हातानं ओढून बघितली. टाटांनी १९३२ ला जुहूला जे आणलं ते टपाल होतं, प्रवासी नव्हते, हे मला नेमकं तेव्हा आठवलं.

दार उघडलं. सई आधी बाहेर गेली आणि दाराला धरून, विमानाच्या अंगाला चिकटून, आमच्याकडे तोंड करून उभी राहिली. वाऱ्यानं तिचे गाल थरथरत होते आणि ती हसत होती. मग पायांखालची फळी संपली.

पडण्याचं वर्णन करण्यात अर्थ नाही. मोठा आवाज असतो, तोंडात हवा शिरते आणि पोटात गोळा वगैरे काही येत नाही. खांद्यावर थाप मिळाली, मी हात पसरले, आणि समोर बघतो तो सई. दोन हात अंतरावर, माझ्या पातळीत. ना वर, ना खाली. बोटांची टोकं किंचित हलवून ती जागा धरून ठेवत होती. माझा हात नकळत पुढे गेला. तिनं मान हलवली, नाही.

ती लहान असताना जुहूच्या पाण्यात मी तिचं मनगट धरायचो. बोटं नाही, मनगट. लाट आली की बोटं निसटतात. "बाबा, दुखतंय," म्हणायची तरी सोडायचो नाही. आता आम्ही ताशी दोनशेच्या वेगानं खाली चाललो होतो, ती दोन हातांवर होती, आणि मला धरायचं नाही हाच तिनं माझा केलेला सगळ्यात मोठा सांभाळ होता.

पाच हजार फुटांच्या आसपास दाढीवाल्यानं पॅराशूट ओढलं. मला जोरात वर खेचल्यासारखं झालं आणि सई दगडासारखी खाली गेली. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे सांगितलं असेल, वाटी-चमच्याच्या भाषेत, पण डोळ्यांनी बघणं वेगळं. थांबलो होतो मी. ती आधीच्याच वेगानं पडत होती, तिचं पॅराशूट अजून खाली उघडायचं होतं, सगळं नियमाप्रमाणे चाललं होतं. मला फक्त एवढंच दिसलं की माझी मुलगी एक ठिपका झाली आणि मग ठिपकाही दिसेना. दाढीवाला कानाशी "एन्जॉय द व्ह्यू" म्हणाला. खाली बदामाच्या बागा होत्या म्हणतात. मी बागा बघितल्या नाहीत. खूप खाली एक निळा चौकोन फुलला, तेव्हा मी श्वास घेतला. दाढीवाल्यानं मग दोऱ्या माझ्या हातात देऊन "चालवून बघ" म्हटलं. मी म्हटलं, तूच चालव.

पाय वर उचलून बुडावर घसरत उतरायचं असतं, तसे उतरलो. वळवाचा पाऊस आल्यावर गच्चीवरचे कपडे कवळ्यात गोळा करून बाई धावते तशी सई पॅराशूट पोटाशी धरून धावत येत होती. "बाबा! कसं वाटलं?" मी म्हटलं, "ठीक. आमच्याकडे सवय असते विमानांची." बायकोनं माझ्या हातावर संत्र्याच्या दोन फोडी ठेवल्या आणि सईला सांगितलं, "ते जड जाकीट काढ आधी. खांदे दुखले असतील."

व्हिडिओबद्दल थोडक्यात सांगतो. पसरलेले हात, करारी नजर, उडणारी बट अशी माझी अपेक्षा होती. प्रत्यक्षात माझे गाल कानांकडे निघाले होते आणि वरचा ओठ नाकाला भेटायला गेला होता. मी तो व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर टाकला नाही. बायकोनं टाकला. सेक्रेटरींनी अंगठा दिला आणि खाली टाकीच्या सफाईची तारीख कळवली. काकूंच्या नातवानं लिहिलं, आजी विचारतेय, उतरताना जिना लागत नाही का?

हे लोक प्रत्येक उडीची नोंद वहीत करतात. तारीख, विमान, उंची, किती सेकंद मोकळं पडलो, आणि शेवटी शेरा. सईची वही रात्री टेबलावर होती, बायकोनं चष्मा लावून त्या दिवसाची ओळ मोठ्यानं वाचली. शेऱ्यात मराठीत लिहिलं होतं: "बाबांबरोबर. शिसं कमी पडलं."

बायको अजून हसते आहे. माझं म्हणणं साधं आहे. शिसं कमी पडलं याचा अर्थ मुलीचं वजन कमी आहे. ती नीट जेवत नाही, हे मी कित्येक वर्षं सांगतो आहे.