मामाच्या कपाटाची पावती

फ्रेमिंगहॅम, मॅसेच्युसेट्स
रविवार, १० मे २००९

ती. अप्पा आणि ती. सौ. आई यांस,


पार्सल मंगळवारी पोचलं. ते पोस्टमनने नाही, वासाने सांगितलं. कांदा-लसूण मसाल्याची एक पुडी आतल्या आत फुटली आणि कुरडया, मेतकूट, चिनूचं झबलं असं सगळं कोल्हापुरी झालं. आई, चिनू आता आठ वर्षांची आहे, झबलं तिच्या बाहुलीला होतं. धुतलं नाही मी. कपाटात तसंच ठेवलंय, दार उघडलं की माळ्यावरच्या डब्यांसारखा वास येतो.

अप्पा, फोनवर तुम्ही इतके घाबरलात की मलाच काळजी वाटायला लागली. बॉस्टनला दंगल झालेली नाही. १५ एप्रिल हा इकडे इन्कम टॅक्स भरायचा शेवटचा दिवस. त्या दिवशी काही लोक बॉस्टन कॉमन या मोठ्या मैदानात जमले आणि चहाच्या पुड्या दाखवत ओरडले, एवढंच. बुडत्या बँकांना दिलेले पैसे, सरकारचा खर्च, सगळ्याचाच राग होता. १७७३ मध्ये इथल्याच बंदरात लोकांनी चहाच्या ३४२ पेट्या पाण्यात टाकल्या होत्या, त्याची ही आठवण. "एवढा चहा वाया?" हा आईचा प्रश्न मी सुहासच्या ऑफिसातल्या लोकांना सांगितला. सगळ्यांना पटला.

आमच्या राज्यातला राग मात्र वेगळा आहे आणि तो माझ्या स्वयंपाकघरापर्यंत आलाय. सेल्स टॅक्स पाचाचा सव्वासहा टक्के करायचं घाटतंय. खालच्या सभागृहाने एप्रिलअखेरीस मंजूर करून टाकलं, आता सिनेट काय करतं ते बघायचं. गव्हर्नर डेव्हल पॅट्रिक म्हणतात, आधी पेन्शन आणि वाहतूक खात्याचा कारभार सुधारा, नाहीतर सही करणार नाही. त्यांना स्वतःला पेट्रोलवर गॅलनमागे १९ सेंट वाढवून हवे होते. म्हणजे भांडण टॅक्स वाढवायचा की नाही याचं नाहीच, कुठल्या खिशातून काढायचा याचं आहे.

थांबा, ड्रायर वाजला.

आले. आई, तुला हा टॅक्स समजणार नाही, कारण तू एमआरपीवाली बाई. पुडीवर छापलंय त्याच्यावर आठ आणे मागितले म्हणून तू कोपऱ्यावरच्या दुकानदाराला रांगेसमोर वाचायला लावलं होतंस. इथे किमतीवर टॅक्स लिहितच नाहीत, तो काउंटरवर उगवतो. परवा चिनू साठवलेली पाच डॉलरची नोट घेऊन खेळणं आणायला गेली. चिठ्ठीवर ४.९९. बिल झालं ५.२४. तिचा चेहरा असा झाला, की ती तुझी नात आहे याबद्दल कुणाला शंका उरू नये. सव्वासहा झाल्यावर तेच ५.३० होईल, हे तिला अजून सांगितलं नाही.

बरं, टॅक्स कशावर आहे त्याचंही एक शास्त्र आहे. खाण्याच्या जिनसांवर नाही. म्हणजे साबुदाण्याला नाही, साबणाला आहे. तांदळाला नाही, तो शिजवायच्या कुकरला आहे. कपड्याला एका नगामागे १७५ डॉलरपर्यंत माफी. दुकानातून घरी नेलेल्या बिअरला आजवर माफी होती, आता तीही जाणार म्हणे. ही शेवटची बातमी सुहासने फार कळवळून वाचून दाखवली. का कळवळला ते अप्पांनी विचारू नये.

लोक चिडलेत ते सव्वा टक्क्यासाठी नाही, वेळेसाठी. पगार घटला की इन्कम टॅक्स आपोआप घटतो, पण नोकरी गेलेल्या माणसालाही अंघोळीला साबण लागतोच. आमच्या गल्लीत दोन घरांतल्या नोकऱ्या गेल्या. सुहासच्या ऑफिसातही मार्चमध्ये खुर्च्या रिकाम्या झाल्या. त्याची शाबूत आहे. आई, खरंच आहे, देवाला काही बोलू नकोस.

तर अशा रागाच्या भरात सुहासने टीव्ही घ्यायचं ठरवलं. १२ जूनला देशभर जुन्या पद्धतीचं प्रक्षेपण बंद होतंय, आमचा डबा तेव्हा नुसता फुलदाणी ठेवायच्या कामाचा. त्याला जोडायची छोटी पेटी मिळते, सरकार त्यासाठी ४० डॉलरचं कुपनही देतं. पण सुहास म्हणाला, "या राज्याला आता एक सेंट देणार नाही," आणि गेल्या शनिवारी आम्ही न्यू हॅम्पशायरला निघालो. तिथे सेल्स टॅक्स नाही, पगारावर राज्याचा टॅक्सही नाही. गाडीच्या नंबरप्लेटवरच लिहिलेलं असतं, मोकळे जगा नाहीतर मरा. हायवेवर दारूची दुकानं मात्र खुद्द सरकारच चालवतं. सुहासने तिथे गाडी हळू केली. मी मान वळवली नाही.

नॅशुआ आमच्याकडून चाळीसेक मैल. पार्किंगमधल्या निम्म्या गाड्या आमच्याच राज्याच्या. जणू निपाणीच्या बाजाराला अख्खं कोल्हापूर लोटलंय. टीव्ही ७०० डॉलर, वाचलेला टॅक्स ३५. आता हिशोब ऐका, तुमच्यासाठीच लिहून ठेवलाय. पेट्रोल सात डॉलर. टीव्ही घेता घेता चिनूला भूक लागली, पिझ्झा तीस डॉलर. आणि अप्पा, त्या टॅक्स नसलेल्या राज्यात हॉटेलच्या जेवणावर मात्र आठ टक्के टॅक्स आहे! दोन डॉलर चाळीस सेंट. एकूण खर्च ३९.४०. पस्तीस वाचवायला चार डॉलर चाळीस सेंट गाठचे गेले.

अजून आहे. बाहेरून आणलेल्या वस्तूवर आमच्या राज्याचा 'यूज टॅक्स' असतो, तेवढाच पाच टक्के, आणि तो आपण होऊन रिटर्नमध्ये लिहायचा असतो. म्हणजे ही आपली जकातच, फक्त नाका नाही. शेजारच्या काकांना विचारलं, तुम्ही लिहिता का? त्यांना इतकं हसू आलं की गवत कापायचं यंत्र बंद करावं लागलं.

अप्पा, मी हसले नाही. मला मामाचं कपाट आठवलं. ताईच्या लग्नासाठी मामाने बेळगावहून टेम्पोतून आणलेलं लोखंडी कपाट, नाक्यावर नेमकी तुमची ड्यूटी, आणि तुम्ही सख्ख्या मेव्हण्याच्या हातात पावती ठेवलीत. आई आठ दिवस बोलली नाही. मामा अजून प्रत्येक लग्नात ती गोष्ट सांगतो आणि दर वेळी जकातीची रक्कम वाढवतो.

परतताना राज्याची हद्द आली. एक पाटी, बस. ना दांडा, ना टेबल, ना कंदील. आम्ही आजोळहून यायचो तेव्हा नाक्यावर एसटी हळू व्हायची, आणि तुमची ड्यूटी असली तर खिडकीतून तुम्ही पेन हलवायचात. चिनूएवढी होते मी. नाका आला म्हणजे घर आलं. परवा त्या पाटीपाशी मी उगाच उजवीकडे बघितलं. सुहास म्हणाला, काय गं? म्हटलं, काही नाही, टीव्ही नीट बांधलायस ना?

असो. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या.

आता तुमच्या बातम्या. बाळूकाकांनी नॅनो बुक केली हे ऐकून आम्ही सगळे आडवे झालो. सोडतीत नंबर लागलाच, तर त्यांचे गुडघे कुठे ठेवणार? सुमीच्या स्थळाचं वाचलं. दोन वर्षांपूर्वी अमेरिकेचा मुलगा म्हटलं की मावशी पत्रिकाही बघत नव्हती, आता "नोकरी पक्की आहे का" विचारते. बरोबर विचारते. निवडणुकीच्या निकालावर अप्पांनी कुणाशी पैज लावलीय? १६ तारखेला रात्री फोन करीन, तोवर बीपीची गोळी चुकवू नका. आई, गुडघ्याला तेल लाव आणि पायऱ्या धुणं दुसऱ्या कुणाला तरी सांग.

इथे हापूस आलाय. डझनाची पेटी पस्तीस डॉलर. हो, टीव्हीवर वाचवले तेवढेच. खाण्याची जिन्नस, म्हणून टॅक्स नाही. घेतली नाही. चिनूला वास घ्यायला दिला, फुकट होता.

आज इकडे मदर्स डे. चिनूने माझ्यासाठी कार्ड केलंय, तुझ्यासाठीही एक, ते सोबत आहे. मराठीत 'आजी' लिहिताना ती काना विसरलीय. म्हणजे 'अजी' झालंय. तसंच वाच.

तुमची,
मंजू

ता. क. अप्पा, टीव्हीची पावती जपून ठेवली आहे. पुढच्या एप्रिलला रिटर्नमध्ये त्या ओळीत पस्तीस डॉलर लिहीन. सुहासला अजून सांगितलेलं नाही. तोही आठ दिवस बोलणार नाही, पण तुम्हाला त्याचा अनुभव आहे.