भरपाई मागायची कोणाच्या दारात?

एलएलबीच्या मुलांना टॉर्टच्या पेपरात एक प्रश्न हमखास येतो. एम. सी. मेहता विरुद्ध भारत सरकार, १९८६. ४ डिसेंबर १९८५ला दिल्लीतल्या श्रीराम फूड्स अँड फर्टिलायझर्सच्या कारखान्यातून ओलियम वायू गळला आणि सरन्यायाधीश पी. एन. भगवतींच्या घटनापीठाने निरपवाद दायित्वाचं तत्त्व घालून दिलं. वकिलांच्या तोंडी त्याला अॅब्सोल्यूट लायबिलिटी म्हणतात. इंग्लंडच्या १८६८च्या रायलंड्स विरुद्ध फ्लेचर निकालात मालकाला सुटायला वाटा होत्या: देवाची करणी, तिऱ्हाइताची आगळीक, फिर्यादीचीच चूक. आपल्या कोर्टाने त्या सगळ्या बुजवल्या. धोक्याच्या धंद्यातून नफा कमावता, मग त्या धोक्याने कोणाचं वाटोळं झालं तर भरून द्या. आम्ही सगळी काळजी घेतली होती, ही सबब चालायची नाही. वर कोर्टाने असंही म्हटलं की कंपनी जितकी गब्बर, तितकी भरपाई मोठी.

एवढं लिहिलं की पैकीच्या पैकी मार्क. पण त्या निकालाने वायू छातीत भरलेल्या माणसांच्या हातावर किती रुपये ठेवले, हे पेपरात कोणी विचारत नाही.

एकही नाही. खासगी कंपनी घटनेतल्या ‘राज्यसंस्था’ या व्याख्येत बसते का, हा प्रश्न कोर्टाने तसाच सोडून दिला आणि दिल्लीच्या कायदेविषयक मदत मंडळाला सांगितलं की, पीडितांच्या वतीने दोन महिन्यांत योग्य त्या कोर्टात दावे लावा. पाच वर्षांनी भोपाळ वायुदुर्घटनेच्या खटल्यात सरन्यायाधीश रंगनाथ मिश्र यांनी तर लिहूनच टाकलं की, मेहता खटल्यात भरपाई दिलीच नव्हती, सबब ते तत्त्व म्हणजे ओघात केलेली टिप्पणी. ते बंधनकारकच आहे, हे ठणकावून सांगायला १९९६ उजाडलं. तो निकाल राजस्थानातल्या बिछडी गावचा. तिथे रसायनांच्या कारखान्यांनी विहिरी नासवल्या होत्या. जमीन आणि पाणी साफ करायचा खर्च कंपन्यांनी सोसावा असं कोर्ट म्हणालं, रक्कम निघाली ३७ कोटींच्या वर. आणि कंपनीने काय केलं? अर्जामागून अर्ज. २०११ साली सुप्रीम कोर्टाला त्या रकमेवर चक्रवाढ व्याज लावावं लागलं, कारण पैसे तोवर भरलेलेच नव्हते.

जगातलं सगळ्यात कडक दायित्वाचं तत्त्व आपल्याकडे आहे, असं आपले प्राध्यापक अभिमानाने सांगतात. तत्त्व कडक आहे, मान्य. पण ते वसूल कोण करणार, किती दिवसांत, कोणत्या खात्यातून, हे ठरवल्याशिवाय पीडिताला त्याचा काडीचा उपयोग नाही. कायद्याच्या अभ्यासाने गेली चाळीस वर्षं तत्त्वावर शाई ओतली आणि वसुलीकडे पाठ केली, असं माझं स्पष्ट मत आहे.

अपवाद होते, आणि ते फार मोठे होते. मार्क गॅलँटर हा अमेरिकन अभ्यासक, भारतीय कायद्याचा वर्षानुवर्षं अभ्यास केलेला. १९७४च्या एका निबंधात त्याने साधी गोष्ट मांडली होती. कोर्टाची पायरी रोज चढणारा पक्ष आणि आयुष्यात एकदाच चढणारा पक्ष यांच्यात कायदा कितीही समान असो, रोजचा गडीच जिंकतो. त्याच्याकडे वकील कायमचे असतात, थांबायला वेळ असतो, आणि कुठला दावा आपसात मिटवायचा, कुठला शेवटपर्यंत लढवायचा हे त्याला कळतं. भोपाळनंतर भारत सरकार भरपाईसाठी न्यूयॉर्कच्या कोर्टात गेलं, तेव्हा गॅलँटरने सरकारच्या बाजूने प्रतिज्ञापत्र दिलं: भारतात नुकसानभरपाईचे दावे नावापुरते चालतात, कोर्टं तुंबलेली आहेत, एवढ्या मोठ्या अरिष्टाचा न्याय तिथे होणार नाही. भोपाळच्या कारखान्यामागची मूळ कंपनी युनियन कार्बाइड, तिच्या बाजूने प्रतिज्ञापत्र आलं ते मुंबईचे ज्येष्ठ वकील नानी पालखीवाला यांचं. भारतीय न्यायव्यवस्था या कामाला पुरेपूर समर्थ आहे, असं त्यांनी लिहून दिलं. न्यायाधीश जॉन कीनन यांनी मे १९८६ मध्ये खटला भारतात धाडला. कायद्याचे अभ्यासक उपेंद्र बक्षींनी त्याच वर्षी ती सगळी कागदपत्रं संपादून पुस्तक काढलं. कायद्याच्या विद्यार्थ्याने दुसरं काही नाही वाचलं तरी ते वाचावं.

पालखीवालांबद्दल मला आदर आहे. केशवानंद भारतीच्या खटल्यात ते उभे राहिले नसते तर आपली राज्यघटना आज कुठे असती, कोण जाणे. पण या प्रतिज्ञापत्रात ते चुकले आणि त्याची किंमत भोपाळने मोजली.

कशी मोजली, ते बघा. सरकारने मागितले होते ३३० कोटी डॉलर. फेब्रुवारी १९८९ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या साक्षीने ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. हिशेब धरला होता तीन हजारांच्या आसपास मृत्यूंचा आणि लाखभर जखमींचा. पुढे दावे निकाली निघाले तेव्हा मृत्यू पाच हजारांवर गेले आणि जखमी साडेपाच लाखांवर. पैसे तेवढेच. बहुतेक जखमींच्या वाट्याला पंचवीस हजार रुपये आले, तेही दुर्घटनेनंतर आठ-दहा वर्षांनी. त्यातूनही १९९० पासून मिळालेली दरमहा दोनशे रुपयांची अंतरिम मदत कापून घेतली गेली. ज्या बाईला फुप्फुसं गेल्यामुळे विडी वळायलाही बसवत नव्हतं, तिच्या हातात आधी दोनशे-दोनशे ठेवायचे आणि नंतर तेच उचललेल्या रकमेसारखे वळते करून घ्यायचे. या कापाकापीवर कोणा कारकुनाने सही केली असेल, कोणा साहेबाने मंजुरी दिली असेल. एकालाही ते टोचलं नाही?

वाढीव भरपाईसाठी सरकारने २०१० मध्ये शेवटचा उपाय म्हणून क्युरेटिव्ह याचिका केली. १४ मार्च २०२३ला घटनापीठाने ती फेटाळली आणि फेटाळताना सरकारलाच सुनावलं: पीडितांचा विमा उतरवा असं १९९१ साली सांगितलं होतं, तो तुम्ही कधी उतरवलाच नाहीत. बत्तीस वर्षं एक विमा उतरवला गेला नाही. त्याबद्दल कोणाची खुर्ची गेल्याचं माझ्या तरी कानावर नाही.

आता कायद्याच्या पुस्तकाकडे या. भोपाळमधून धडा घेऊन संसदेने १९९१ मध्ये सार्वजनिक दायित्व विमा कायदा केला. कल्पना उत्तम होती. घातक रसायनं हाताळणाऱ्या प्रत्येक कारखान्याने विमा काढायचा, अपघात झाला की चूक कोणाची हे न विचारता बाहेरच्या माणसांना तातडीची मदत द्यायची. मग त्याची मूळ अनुसूची उघडा. मृत्यूला २५,००० रुपये. औषधोपचाराला फार तर १२,५००. घराच्या नुकसानीला जास्तीत जास्त ६,०००. २६ मे २०१६ला डोंबिवली एमआयडीसीत प्रोबेस कंपनीचा स्फोट झाला, बारा माणसं गेली, लांबलांबच्या इमारतींच्या काचा फुटल्या. त्या दिवशी अनुसूचीत हेच सहा हजार होते. ७ मे २०२०च्या पहाटे विशाखापट्टणमला एलजी पॉलिमर्समधून स्टायरिन गळलं, तेव्हाही मृत्यूचा दर पंचवीस हजारच. राष्ट्रीय हरित लवादाने कंपनीला ५० कोटी भरायला लावले हे चांगलंच केलं. पण त्या पहिल्या आदेशात लवादाने जुन्या इंग्रजी ‘कठोर दायित्वा’चाच आधार घेतला, जो आपल्या कोर्टाने १९८६ मध्येच अपुरा ठरवला होता.

गंमत म्हणून सांगत नाही, चीड येते म्हणून सांगतो: त्याच विशाखापट्टणमच्या मृतांना मुख्यमंत्र्यांनी प्रत्येकी एक कोटी जाहीर केले. १३ मे २०२४ला घाटकोपरला पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळलं, सतरा माणसं गेली, तिथे पाच लाख. कायदा म्हणत होता पंचवीस हजार, आंध्र म्हणालं कोटी, महाराष्ट्र म्हणाला पाच लाख. जिवाची किंमत कुठल्या राज्यात मेलात, टीव्हीवर किती वेळ दिसलात आणि निवडणूक किती जवळ आहे यावर ठरते. आणि हे सानुग्रह अनुदान येतं कुठून? आपल्याच करातून. ज्याच्यामुळे माणूस मेला त्याच्या खिशाला तोशीस नाही, आणि मेलेल्याच्या शेजाऱ्याने किराण्यावर भरलेल्या जीएसटीतून त्याच्या बायकोला धनादेश. वर तो हक्क नाहीच, मेहेरबानी.

घाटकोपरचं ते होर्डिंग १२० बाय १२० फुटांचं होतं. महापालिकेची मर्यादा ४० बाय ४०. जागा रेल्वे पोलिसांची, म्हणून पालिका म्हणाली आमची परवानगीच नव्हती. आणि आरोपीच्या बाजूने हायकोर्टात काय मांडलं गेलं? वारा अनपेक्षित होता, ही देवाची करणी आहे. १९८६ मध्ये बुजवलेली वाट २०२४ मध्ये मुंबईत पुन्हा उघडायला निघाले! होर्डिंग म्हणजे काही रसायनांचा कारखाना नाही, असा वाद घालता येईल. पण नऊपट क्षेत्रफळाचा लोखंडी सांगाडा पंपावर, माणसांच्या डोक्यावर उभा करणं धोक्याचं नाही, तर धोक्याचं आहे तरी काय?

उपाय परदेशातून आणायला नको. मोटार अपघाताचा कायदा आपल्याकडे आहेच. गाडीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा, जिल्ह्याजिल्ह्यात दावा न्यायाधिकरण, मेलेल्याचं वय आणि कमाई यांवरून रक्कम काढायचं कोष्टक. चूक सिद्ध न करता मिळणारी रक्कम १९९४ मध्ये पन्नास हजार झाली, २०१९च्या दुरुस्तीने मृत्यूला पाच लाख. त्यातही दिरंगाई आहे, दलाल आहेत, वकिलांचे टक्के आहेत, सगळं मान्य. पण ट्रकखाली गेलेल्या माणसाच्या बायकोला निदान माहीत असतं की कुठल्या कोर्टात जायचं आणि कुठली विमा कंपनी समोर असेल. वायूने मेलेल्याच्या बायकोला हे कोणी सांगत नाही. कारखान्याच्या फाटकावर विम्याची रक्कम आणि मुदत ठळक रंगवा. अनुसूचीतली रक्कम महागाईशी बांधा. सरकारने आधी दिलेलं अनुदान नंतर कंपनीकडून व्याजासकट वसूल करा. कारखानदारांच्या पैशांतून उभ्या केलेल्या पर्यावरण मदत निधीत शेकडो कोटी साचून पडले होते. ते काय मुदत ठेवीसाठी जमवले होते?

आणि जे आजही हातात आहे ते आधी वापरा. अपघाताची खात्री करून घेऊन जाहीर सूचना काढायची आणि पीडितांकडून अर्ज मागवायचे, हे काम १९९१च्या कायद्याने खुद्द जिल्हाधिकाऱ्यावर टाकलं आहे. पीडिताने कायदा शोधत यायचं, असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. अर्ज तीन महिन्यांत निकाली काढायचा. अर्जाची मुदत अपघातापासून पाच वर्षं. २३ मे २०२४ला डोंबिवलीत अमुदान केमिकल्सचा स्फोट झाला. कारखान्यातल्या कामगारांचा हिशेब वेगळ्या कायद्याखाली होतो. पण रस्त्यावरून जाताना, शेजारच्या गाळ्यात चहा पिताना, घरात बसल्या बसल्या ज्यांना मार लागला, त्यांची मुदत मे २०२९ला संपते. ठाण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी ही सूचना काढली का, काढली असेल तर किती अर्ज आले आणि किती निघाले, एवढं तरी डोंबिवलीकरांनी माहिती अधिकारात विचारून घ्यावं. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं.