वेलांटी चौकटीबाहेर

पुणे-लोणावळा लोकलमधून कान्हे स्टेशनात उतरलं की समोर रेल्वेची पाटी: पिवळ्यावर काळी अक्षरं. रेल्वेला कुणी ब्रँड म्हणत नाही, पण रंगाचं सोवळं तिच्याइतकं पाळतो कोण? मराठी आणि हिंदी दोघींचा मान राखायला एकच नाव देवनागरीत दोनदा लिहायचं, हा शिरस्ताही राज्यभर तोच.

सोवळं मोडतं ते फाट्यावर.

लोगोभोवती किती जागा मोकळी सोडायची, लाल नेमका कुठला, हे बड्या कंपन्या जाडजूड नियमावलीत बांधून ठेवतात. मग दुकानदाराला फुकटची पाटी मिळते. दोन्ही टोकांना शीतपेयाचा लोगो हातभर, मधे किराणा दुकानाचं नाव बोटभर. गिऱ्हाइकाला वाटावं, शेठ अमेरिकेत असतात. मावळचा पाऊस दोन वर्षांत त्या लालाचा गुलाबी करतो, तेव्हा नियमावली पुण्या-मुंबईच्या कपाटात कोरडी असते.

राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीने छोट्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली, आणि मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान नकोत असं ठरलं. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन महिन्यांची मुदत दिल्यावर तर पळापळच. इंग्रजी अक्षरांचं वळण घडवायला नामांकित डिझायनर. मराठीला मात्र फ्लेक्सवाल्याच्या संगणकात हाताशी लागेल तो फाँट. रफार शेजारच्या अक्षरावर, वेलांटी चौकटीबाहेर, अनुस्वाराच्या जागी खिळा. ट्रेडमार्कच्या इवल्याशा गोलाला नियमावलीत जागा नेमून दिलेली असते. तो तेवढा अचूक बसलेला.