पायाळूची पाठ

मी जन्मजात कायरोप्रॅक्टर आहे. पदवी नाही, पाटी नाही. पण जगात येताना बाकीचे डोकं पुढे करतात तिथं मी पाय पुढे केले, आणि आमच्या रोह्यात प्रॅक्टिस सुरू करायला तेवढं भांडवल पुरतं. आळीत कुणाच्या पाठीत उसण भरली, कुणाच्या कमरेत लचक आली, की पहिली हाक मला. मी चड्डी सावरत जायचो, पालथ्या पडलेल्या देहाच्या दुखऱ्या जागी तळवा टेकवायचो, आजीनं शिकवल्याप्रमाणे हलकेच दाबून उचलायचो, आणि हातावर खोबऱ्याची वडी पडली की घरी. पुढे आयुष्यात माझ्या पायगुणाचा प्रत्यय ना गणिताला आला, ना फुटबॉलला, ना शेअरबाजाराला. पण तो आहे, यावरचा माझा विश्वास आजतागायत ढळलेला नाही.

अशा माणसाची कंबर धरावी हा निव्वळ चावटपणा. पायाळूची खरी गोची अशी, की आपला पाय आपल्या पाठीला पोचत नाही. पोचत असता तर कंबर धरलीच कशाला असती?

दोष कुणाचा, ते रायगडात सांगत बसावं लागत नाही. सकाळची गाडी चुकली की मी भिसे खिंडीतून नागोठणं गाठतो आणि तिथून हायवेनं पेणचं ऑफिस. या हायवेचं पळस्पे ते इंदापूर चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं. तेव्हा बालवाडीत असलेली पोरं आता मोटारसायकलवरून तेच खड्डे चुकवत कॉलेजला जातात. या रस्त्यानं माझे मणके फुकटात कैक वेळा ॲडजस्ट केलेत. फक्त दर वेळी दिशा वेगळी.

ऑफिसात मी टेबलाला धरून उठलो मात्र, सगळ्यांनी आपापले मणके बाहेर काढले. हल्ली पेण-रोह्यात गोत्र विचारत नाहीत, ‘एल-फोर एल-फाइव्ह का?’ म्हणून विचारतात. कुणाची गादी सरकलेली, कुणाला गॅप, कुणाची नस दबलेली. कॅशियरबाईंनी पट्टा सुचवला, शिपायानं हाडवैद्य, साहेबांनी एमआरआय. आणि भाच्यानं मोबाइल पुढे केला.

त्यात एक डॉक्टर पेशंटच्या मानेपाशी माईक लावतो, मान एकीकडे वळवतो, पेशंट बेसावध होतो, आणि कडाड्! मग पेशंट हसतो, रडतो, डॉक्टरला मिठी मारतो. रात्री एक वाजेपर्यंत मी तेच बघत पडलो होतो. बायकोनं विचारलं, “काय चाललंय?” म्हटलं, “धंदेवाईक कुतूहल.”

मग या मणके कडाडवण्याच्या विद्येच्या, म्हणजे कायरोप्रॅक्टिकच्या, मूळपुरुषाचा शोध घेतला. डॅनियल डेव्हिड पामर. आधी किराणा विकला, मधमाश्या पाळल्या, मग हातातल्या चुंबकशक्तीनं रोगी बरे करू लागला. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात डॅव्हनपोर्ट नावाच्या गावी १८ सप्टेंबर १८९५ रोजी त्यानं हार्वे लिलार्ड नावाच्या झाडलोट करणाऱ्या माणसाच्या पाठीतला एक मणका ढकलला आणि त्या जवळजवळ बहिऱ्या माणसाला म्हणे ऐकू येऊ लागलं. कानाची नस मेंदूतून थेट कानात जाते, पाठीच्या वाटेला ती जातच नाही. पण गुण आला म्हटल्यावर नस कुठून जाते ते कोण बघतो? दोन वर्षांत पामरनं शाळा काढली आणि १९०६ साली परवान्याशिवाय वैद्यकी केली म्हणून तो तुरुंगातही जाऊन आला. हे वाचून मला गहिवरून आलं. मी वडीवर समाधान मानलं नसतं, तर आज कुंडलिकेच्या काठी माझीही शाळा असती.

पायाळूपणाचा विषय निघालाच आहे तर थोडं सविस्तर सांगतो. इतका मान मला नंतर कुठेच मिळाला नाही. पायाळूवर वीज पडते अशी समजूत, त्यामुळे गडगडायला लागलं की मला अंगणातून उचलून आत आणायचे. रोह्याचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना कळेल, की वर्षाचा तिसरा हिस्सा मी संरक्षित व्यक्ती होतो. माझा धाकटा भाऊ डोक्याकडून आलेला; त्याला वीज चालायची. भर पावसात वाण्याकडे तोच जायचा. दुसरी समजूत अशी, की पायाळूला जमिनीतलं गुप्तधन दिसतं. शेजारच्या काकांनी मला एकदा त्यांच्या परसात सगळीकडे फिरवलं आणि दर चार पावलांवर विचारलं, “काय दिसतंय?” मला गांडुळं दिसत होती. तसं सांगितल्यावर काकांनी तीही जागा खणली.

पंचक्रोशीत दुसरा पायाळू निघाला, तेव्हा मात्र मला झोप लागेना. तो धाटावच्या बाजूचा होता, आणि त्याचा म्हणे डावा पाय जास्त चाले. मी आजीला विचारलं, “माझा कुठला?” आजी म्हणाली, “तुझी जीभ.”

पाय आधी येणं म्हणजे काय, हे मला फार उशिरा कळलं. घरी सुईणीच्या हातून बाळंतपण, मूल उलटं, डोकं शेवटी अडकायची भीती. त्यातून आई आणि मूल दोघं वाचली, तर त्या मुलात लोकांना काहीतरी दैवी दिसणारच. आई त्या रात्रीबद्दल कधी बोलली नाही. फक्त म्हातारपणी एकदा भाजी निवडता निवडता सहज म्हणाली, “तुझ्या वेळेपासून ही कंबर जी धरली, ती धरलीच.” आळीतल्या इतक्या पाठींना मी पाय लावला होता. तिला कधीच नाही. आईला पाय लावायचा नसतो.

असो. पनवेलच्या बाजूला एका मणकेवाल्याकडे गेलो. जाताना प्रश्न पाठ केले होते. दुखेल का? थोडं अंग ठणकेल, दोन दिवसांत जाईल. तो आवाज हाडांचा का? नाही, सांध्यातल्या द्रवात दाब एकदम उतरला की वायूची पोकळी होते, तिचा. हाड ‘जागेवर बसल्याचा’ नव्हे. माझी निम्मी रात्र तिथंच फुकट गेली. बोटं मोडून संधिवात होतो का? कॅलिफोर्नियातल्या डोनाल्ड अंगर या डॉक्टरनं साठ वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली आणि शेवटी दोन्ही हात ताडून पाहिले. काही फरक नाही. २००९ साली त्याला त्याबद्दल इग नोबेल मिळालं. चिकाटीला कुठे ना कुठे दाद मिळतेच.

“मानेचंही करता का?” मी हळूच विचारलं. क्वचित, फार क्वचित, पण मेंदूकडे जाणाऱ्या धमनीला चीर जाऊन झटका येऊ शकतो, असं त्यानं स्वतःच सांगितलं. तेव्हा मला आमचा सलूनवाला आठवला, जो दाढीनंतर न विचारता मान कडकन वळवतो आणि वर दहा रुपये घेतो. मग मणकेवाल्यानं मला उलटे प्रश्न केले: पायात मुंग्या, बधिरपणा? लघवीवरचा ताबा गेलाय? पडलात का? हाडं ठिसूळ? यातलं काही असेल तर माझ्याकडे नाही, आधी हॉस्पिटलात. “तुम्ही डॉक्टर का?” हा प्रश्न मी शेवटाला ठेवला होता, कारण तो उलटून माझ्यावर येण्याची भीती होती. कायरोप्रॅक्टरसाठी आपल्या देशात वेगळी वैधानिक परिषद नाही. महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टांची आहे, तेव्हा तिथला नोंदणी क्रमांक बेलाशक विचारावा. त्यानं दाखवला.

कडाड् झालं. बरं वाटलं. मग तो म्हणाला, नवी कंबरदुखी बहुतेकांची काही आठवड्यांत आपली आपण ओसरते, चालतं-फिरतं राहा. हे ऐकून मात्र मी खचलो. म्हणजे त्या सगळ्या खोबऱ्याच्या वड्या?

निघताना कागद मिळाला: वाकू नका, वजन उचलू नका, एका जागी फार वेळ बसू नका. मला बरं जमण्यासारखं. मी तसाही काही उचलत नाही. पण हमरापूर-जोह्याच्या गणपतीच्या कारखान्यातल्या आखणीवाल्याला हा कागद देऊन बघा. मूर्ती मांडीशी, मान छातीत रुतलेली, श्वास धरलेला, आणि ब्रशच्या टोकाशी देवाचा डोळा. किंवा जुलैत गुडघाभर चिखलात लावणी करणाऱ्या बाईला सांगा, वाकू नका म्हणून. या पाठींना एल-फोर म्हणायलाही कुणी नसतं. लहानपणी माझ्या पायाखाली येत त्यातल्या बहुतेक बायकाच असत, आणि दिवसाउजेडी त्यांना आडवं पडलेलं मी तेवढंच पाहिलं.

परवा शेजारची सून आली. एका हातात बादली, दुसरा कमरेवर. “काका, तुम्ही पायाळू ना? लावा ना जरा.” मी तिला फिजिओथेरपीचं सांगितलं, मुंग्या-बिंग्या विचारल्या. ती म्हणाली, “जाईन सवडीनं, आधी तुम्ही लावा.” मग मी लावला. आणि गंभीर चेहऱ्यानं विधी सांगितला: पाय लावल्यावर अर्धा तास उठायचं नाही, आणि त्या वेळात चहा घरातल्या दुसऱ्या कुणीतरी करायचा, नाहीतर गुण येत नाही. आजीच्या वेळी ही अट नव्हती. मी उभ्या उभ्या घातली.

तिच्या सासूबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. म्हणाल्या, “दोघींना एकदम चालतं का?” आणि चटईवर तिच्या शेजारी आडव्या झाल्या. चहा मग चिरंजीवांना करावा लागला. साखर विसरला होता.