स्थलांतराचे माहात्म्य
१९९५ पासून, मधला अल्प विजनवास सोडता, डाव्या कोपऱ्यात इमानेइतबारे चाकरी करणारे स्टार्टचे बटण २०२१ साली विंडोज ११ ने मध्यभागी आणून बसविले आणि राइट क्लिकची जुनी सबंध यादी ‘आणखी पर्याय दाखवा’ या पडद्याआड जशीच्या तशी सुखरूप ठेवली, ही दूरदृष्टी वंदनीय होय. थिबा राजाला मंडालेहून हलवून अखेर आमच्या रत्नागिरीत ठेवण्यासाठी बिचाऱ्या इंग्रज सरकारला १८८५ साली युद्ध करावे लागले. येथे यंत्र रात्रीतून नुसते पुन्हा सुरू झाले. सबब, सरकारी कचेऱ्यांनीही अर्जाची खिडकी अधूनमधून बिनबोभाट दुसऱ्या मजल्यावर न्यावी आणि रयतेने ती हुडकून काढल्यावर आत तेच दप्तर उघडे असावे, अशी सूचना मी एका अव्वल कारकुनांस केली. ते किंचित दुखावून म्हणाले, “ही सुधारणा आमच्याकडे मामलेदारांच्या अमदानीपासून आहे, विलायतेला आत्ता सुचली?”