न आलेल्या फॉर्मचा फॉर्म

अमेरिकेत शेअर विकणाऱ्याला त्याचा ब्रोकर वर्ष संपल्यावर ‘१०९९-बी’ हे पत्रक पाठवतो व त्याची खबर सरकारलाही देतो, त्यामुळे करदात्याला आपली कमाई आठवण्याचे कष्ट पडत नाहीत आणि ती विसरण्याची सोयही राहत नाही. न्यू जर्सीत राहून मुंबईच्या बाजारात जुने शेअर विकणाऱ्या मराठी गृहस्थाला मात्र हे पत्रक येत नाही, कारण ठाण्याच्या ब्रोकरचा हिशेब भारतीय आयकर खात्यासाठी, रुपयांत आणि एप्रिल ते मार्च अशा वर्षाचा असतो. पत्रक नाही म्हणजे कर नाही, हा सुखद सिद्धांत येथेच जन्म घेतो. परंतु नागरिक, ग्रीनकार्डधारक व करनिवासी यांच्या जगभरच्या उत्पन्नावर अमेरिका कर लावत असल्याने तो अल्पायुषी ठरतो.

पत्रक न येण्याचीही तरतूद अमेरिकेच्या कर खात्याने करून ठेवली आहे. विक्रीचा तपशील मागणाऱ्या ‘फॉर्म ८९४९’ मध्ये १०९९-बी मिळालेच नाही असे सांगण्यासाठी चौकटी असून, शेअर एक वर्षापर्यंत बाळगला असल्यास ‘सी’ आणि त्याहून अधिक काळ बाळगला असल्यास ‘एफ’ या चौकटीत खूण करायची असते. पुढचे सारे रकाने करदात्याने स्वतः भरायचे असतात आणि तारखेत महिना आधी लिहायचा असल्याने ५ ऑगस्टला घेतलेला शेअर बेसावधपणे ८ मेचा होऊन बसतो.

खरी गंमत रुपयांचे डॉलर करताना येते, कारण खरेदीला खरेदीच्या दिवसाचा दर लागतो आणि विक्रीला विक्रीच्या दिवसाचा. समजा, २०१० साली डॉलर ४५ रुपयांना असताना एक लाखाला घेतलेले शेअर २०२४ साली तो ८३ रुपयांना असताना दीड लाखाला विकले, तर पन्नास हजारांच्या नफ्याबद्दल पुण्यात पेढे वाटून होतात तोवर फॉर्मवर २,२२२ डॉलरचा माल १,८०७ डॉलरला गेल्याची नोंद होते, आणि मग भारताला नफ्याचा व अमेरिकेला तोट्याचा हिशेब एकाच गंभीर चेहऱ्याने द्यावा लागतो.

वारशाने आलेल्या शेअरांची मूळ किंमत भारतात सामान्यतः वडिलांनी मोजलेल्या रकमेवरून ठरते, तर अमेरिकेत वडिलांच्या निधनाच्या दिवशीच्या बाजारभावावरून. त्या दिवशी भाव टिपून ठेवणारा मुलगा नातलगांत कायमचा बदनाम झाला असता. न टिपणारा सज्जन मुलगा पुढे बाजाराच्या जुन्या नोंदी धुंडाळत बसतो. बोनस शेअरांबाबतही भारत त्यांची किंमत सहसा शून्य धरतो, तर अमेरिका जुन्या शेअरांची किंमत नव्या-जुन्यांत वाटून देते. म्युच्युअल फंडांचे प्रकरण याहून गहन असल्याने ते येथे मुद्दाम टाळले आहे.

तेव्हा वाचकाने शेअर विकण्याआधी गावाकडच्या कपाटातली खरेदीची काँट्रॅक्ट नोट शोधून काढावी, कारण मूळ किमतीचा पुरावा नसल्यास अमेरिकेचे खाते ती शून्य धरू शकते आणि मग विकून आलेली सारी रक्कम नफाच ठरते.